कोरडी विहीर मोजायची नाही, आणि पाणी वाढले म्हणायचे!



"भूजल पातळीत लक्षणीय कल आढळत नाही." तालुक्याच्या बैठकीत साहेब अहवालातले हे एक वाक्य वाचतात आणि फाईल मिटतात. ज्याने दोन परस विहीर खोल केली, वर आडवे बोअर मारले, तो मागच्या रांगेत गप्प बसतो. समोर 'शास्त्र' आहे ना! हे शास्त्र मी कृषी पदवीला शिकलो आहे. कुणाला गप्प बसवण्यासाठी ते जन्मलेले नाही.

या कामाची नेहमीची कसोटी म्हणजे मान-केंडाल. हेन्री मान यांनी ती 1945 साली मांडली, मॉरिस केंडाल यांनी पुढे नेली. नाव अवघड, हिशेब सोपा. एका विहिरीच्या दहा वर्षांच्या मे महिन्यातल्या नोंदी घ्या. प्रत्येक वर्षाची पुढच्या प्रत्येक वर्षाशी जोडी लावा. 45 जोड्या होतात. पुढच्या वर्षी पाणी खाली गेले तर एक मत 'खाली', वर आले तर एक मत 'वर'. मतमोजणीच म्हणा ना. आता गंमत पहा. शंभरात पाच चुकांची नेहमीची मर्यादा लावली, तर 'कल आहे' म्हणायला 45 पैकी निदान 34 मते एका बाजूला पडावी लागतात. 33 विरुद्ध 12 पडली, की अहवाल लिहितो, लक्षणीय कल नाही! निवडणुकीत इतक्या मतांनी आलेला माणूस गुलाल उधळत गावभर फिरला असता.

म्हणजे 'लक्षणीय कल नाही' याचा अर्थ 'पाणी उतरत नाही' असा नाही. एवढ्या थोड्या नोंदींवर खात्रीने सांगता येत नाही, एवढाच तो अर्थ. चूक दोन्हीकडून होऊ शकते. नसलेला कल दिसला, तर सरकारी कागद खोटा पडतो. म्हणून त्या चुकीवर पाच टक्क्यांचा पहारा. असलेला कल दिसला नाही, तर विहीर आटते, पऱ्हाटीला शेवटचे पाणी मिळत नाही, कर्ज मात्र तसेच राहते. या दुसऱ्या चुकीची शक्यता किती, हे अहवालात कधी छापलेले पाहिले आहे कुणी?

जुनी पद्धत सरळ रेघ मारण्याची. तिच्यात एखादे अतिवृष्टीचे वर्ष शेवटाला आले की रेघ वर ओढली जाते. 1972 च्या दुष्काळापासून रेघ सुरू करा, सुधारणाच सुधारणा! त्यापेक्षा प्रणब कुमार सेन यांची 1968 ची रीत बरी. सगळ्या जोड्यांचे उतार काढून त्यातला मधला घ्यायचा. एकटेदुकटे वर्ष त्याला हलवू शकत नाही, आणि उत्तर वर्षाला इतके सेंटीमीटर असे रोकडे मिळते.

आपल्या बाजूलाही एक गोष्ट ऐकावी लागेल. विहिरीला आठवण असते. एका वर्षाची तूट पुढच्या वर्षात उतरते, म्हणून शेजारची दोन वर्षे म्हणजे दोन स्वतंत्र साक्षीदार नव्हेत. हे न पाहता कसोटी लावली तर नसलेला कलही दिसू लागतो. ही आठवण गाळून कसोटी लावण्याच्या रीती आहेत, पण गाळताना खऱ्या कलाचाही थोडा भाग गळून जाऊ शकतो. तेव्हा आपल्या सभेत कुणी चार वर्षांच्या आकड्यांवर 'पाताळात गेले' म्हणून ओरडला, तर त्यालाही थांबवा.

पण खरी मेख कसोटीच्या आधी, नोंदी निवडताना आहे. आपला काळा पाषाण पाणी धरतो फार थोडे, खडकाच्या आकारमानाच्या शंभरात एक ते तीन भाग. चांगला पावसाळा झाला की ऑक्टोबरात तो भरतो. जास्तीचे नाल्याने वाहून जाते. उपसा दुप्पट झाला तरी ऑक्टोबरची पातळी तीच दिसू शकते. मार आणि तूट दिसते ती जानेवारीत, मार्चमध्ये, मे महिन्यात. त्यात चालू पातळीची तुलना मागच्या पाच वर्षांच्या सरासरीशी करण्याची रीत. ती पाच वर्षेच उतरती असतील तर सरासरीही उतरलेली. दर वर्षी घट थोडीच दिसणार.

आणि विहीर कोरडी पडली तर? पातळीच नाही, म्हणून नोंदही नाही. दक्षिण भारतात भूजल वाढत असल्याचे निष्कर्ष निघाले होते. तेजस्वी होरा, वीणा श्रीनिवासन आणि नंदिता बसू यांनी 2019 साली ते तपासून दाखवले, की अपुऱ्या नोंदींच्या विहिरी हिशेबातून गाळताना कोरड्या पडणाऱ्या विहिरीच गळत होत्या. मेलेल्यांना वगळून गावाची तब्येत मोजावी तसे हे! वास्तविक मान-केंडालला नेमका आकडा लागतच नाही, फक्त क्रम लागतो. कोरड्या वर्षाला सगळ्यात खालचा क्रम द्यावा, काम भागते.

तेव्हा यापुढे 'कल नाही' ऐकले की हात वर करायचा. कोणता महिना? किती वर्षे? कोणती कसोटी? उतार किती सेंटीमीटर? कोरड्या नोंदींचे काय केले? पाचही उत्तरे ग्रामसभेच्या इतिवृत्तात लिहून घ्यायची.

येत्या जिल्हा बैठकीला प्रत्येक गावाने निदान तीन विहिरींच्या मे महिन्याच्या पातळ्या आणाव्यात, जितक्या वर्षांच्या असतील तितक्या. कोरड्या वर्षापुढे जागा मोकळी सोडू नका. 'कोरडी' असे स्पष्ट लिहा आणि विहिरीची त्या वर्षीची खोली टाका. मतमोजणी तिथेच, फळ्यावर करू.