साडीतली मरिया आणि सोवळे टीकाकार

आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) या गोमंतकीय चित्रकाराने मरियेला साडी नेसवली आणि गोव्यातल्या धर्मनिष्ठांचा रोष ओढवून घेतला. पुढे तो पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात राहिला. पण साडीतली मरिया दिसली की आजही दोन तट पडतात. एकाला ती विटंबना वाटते, दुसऱ्याला धर्मांतराचा गळ!

पहिल्यांना विचारावेसे वाटते, मरियेचा मूळ वेष तुम्ही पाहिला होता काय? बायझंटाइन चित्रकारांनी तिला आपल्याकडचे तांबूस वस्त्र पांघरले आणि कपाळावर व खांद्यांवर तीन तारे काढले; ते तिच्या अखंड कौमार्याची खूण. येशूच्या आशीर्वाद देणाऱ्या हाताची बोटे अशी वाकवली की त्यांतून त्याच्या नावाची ग्रीक अक्षरे उमटावीत. इटलीत देवदूताच्या हाती लिलीचे फूल आले. हे नाझरेथच्या सुताराच्या घराचे वर्णन नव्हे, ही भाषा आहे. प्रतिमेला दिलेला मान मूळ व्यक्तीला पोचतो, असे निकियाच्या परिषदेने ७८७ सालीच ठरवले. मग भांडण कापडाशी कशाला?

दुसऱ्यांनी आमच्या अकोटला यावे आणि नरनाळा चढावा. १४८७ सालच्या महाकाली दरवाजावर अरबी लेख आहेत आणि कमळेही आहेत. ती कमळे पळवली म्हणून कोणी फिर्याद केल्याचे ऐकिवात नाही. चिन्हांचा सातबारा कोणाच्या नावे नसतो. फादर स्टीफन्सने १६१६ साली ‘ख्रिस्तपुराण’ छापले तेही ओवीतच.

आता साडीच्या कैवाऱ्यांनाही एक शब्द. नुसते लुगडे गुंडाळले की चित्र भारतीय होत नाही. जुन्या ‘वाट दाखवणाऱ्या’ मरियेचा हात बाळाकडे वळलेला असतो; सारे प्रवचन त्या एका हातात असते. साडी आली आणि हात मुका झाला, तर उरते ते कॅलेंडर. फोन्सेका शांतिनिकेतनात अवनींद्रनाथांकडे शिकला होता. वेष बदलताना अर्थही सांभाळावा लागतो, हे त्याला ठाऊक होते.

वऱ्हाडातला ख्रिस्ती शेजारी मराठीत प्रार्थना करतो, मराठीत रडतो. त्याच्या घरच्या भिंतीवरच्या आईने तेवढे परदेशीच राहावे, हा हट्ट कोणाच्या सोयीचा? त्याच्या नक्कीच नव्हे.