अतींद्रिय शक्ती आणि शास्त्राची कसोटी

परचित्तज्ञान, भविष्यज्ञान, पूर्वजन्मस्मृती आदी अतींद्रिय शक्तींच्या अभ्यासास शास्त्र म्हणावे काय, असा प्रश्न निघाला की आपल्या व्यवसायबंधूंत दोन तट पडतात. ऋषिवचन असता परीक्षा कशाला, असे एक पक्ष म्हणतो. असल्या विषयांस हात लावणेच अशास्त्रीय, असे दुसरा म्हणतो. प्रस्तुत लेखकाच्या मते दोघेही विषय पाहून निवाडा करतात, परीक्षेची पद्धत पाहत नाहीत.

चरकाचार्यांनी असे केले नाही. सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात पुनर्जन्म आहे की नाही, ही शंका त्यांनी उघडपणे मांडली आणि आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान व युक्ती या चार परीक्षांनी तिचा विचार केला. त्यांचा निष्कर्ष पुनर्जन्माच्या बाजूचा आहे. तो कोणास मान्य होवो वा न होवो, परीक्षेवाचून मान्यता नाही हा दंडक त्यांनीच घालून दिला.

याच विषयातील महाराष्ट्राचे उदाहरण नागपूरचे आहे. तेथील एक मराठी प्राध्यापिका १९७४ पासून अधूनमधून स्वतःस 'शारदा' म्हणवू लागली. त्या अवस्थेत ती बंगाली बोले, मराठी तिला उमजत नसे. अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठाचे डॉ. इयान स्टीव्हन्सन, डॉ. सतवंत पसरिचा आणि पुण्याचे प्रा. वि. वि. अकोलकर यांनी या प्रकरणाचा दीर्घ तपास केला. तिने सांगितलेली काही नावे बंगालमधील एका घराण्याच्या वंशावळीत आढळली. परंतु बंगाली वाचनाची तिला पूर्वी थोडी तोंडओळख होती, हेही तपासातच निघाले. तपास चिकाटीचा होता, यात शंका नाही. तथापि घटना एकच, ती पुन्हा घडवून पाहता येत नाही आणि पूर्वसंस्काराची शक्यता वगळता येत नाही. म्हणून त्यास उत्तम रुग्णवृत्तान्त म्हणावे, सिद्धान्त म्हणू नये.

याउलट २००८ सालचा पुण्यातील प्रयोग पाहावा. डॉ. जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी २०० जन्मपत्रिका जमविल्या. १०० हुशार मुलांच्या, १०० बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या. प्रत्येक ज्योतिषास ४० पत्रिका देऊन त्या ओळखण्यास सांगितले. कोणती पत्रिका कोणाची, हे त्यांना ठाऊक नव्हते. नाणे फेकून सांगितले तरी सरासरी निम्मी उत्तरे बरोबर येणार, हे आधीच निश्चित होते. उत्तरे पाठविणाऱ्या २७ ज्योतिषांचे यश सरासरी ४६ टक्के भरले. विषय फलज्योतिषाचा, तरी हा प्रयोग शास्त्रीयच होता, कारण उत्तर 'होय' येऊ शकत होते, तसे 'नाही'ही येऊ शकत होते.

आता हीच फूटपट्टी आपल्या दारी लावू. दूषित पाण्यातून येणारी कावीळ भिवंडीच्या वैद्यांस नवी नाही. कित्येक रुग्ण चुन्याच्या पाण्यात हात धुऊन कावीळ 'उतरवून' मग आपल्याकडे येतात. या प्रकारची कावीळ बहुधा काही आठवड्यांत आपोआप शमते. मांत्रिक म्हणतो, मंत्राने गेली. आपण म्हणतो, काढ्याने गेली. केवळ रुग्ण बरा झाला एवढ्यावरून मांत्रिकाचा दावा खोटा आणि आपला खरा कसा ठरावा? १९५४ च्या औषधे व जादूचे उपचार कायद्याने आक्षेपार्ह जाहिरातींच्या बाबतीत औषध आणि ताईत-मंत्र यांना एकाच अधिनियमात बसविले आहे, याचा विचार औषधालयांच्या मालकांनी विशेष करावा.

उपाय आपल्या हाती आहे. प्रत्येक काविळीच्या रुग्णाची पहिल्या दिवसापासून नोंद ठेवावी : रोगकाल, बिलिरुबिन, योग आणि औषधाचा बॅच क्रमांक. बिघडलेले, अन्यत्र गेलेले व रुग्णालयात पाठवावे लागलेले रुग्ण वहीतून गाळू नयेत. आणि काढा न घेता बरे झालेल्यांशी तुलना करावी. तुलना आपल्या विरुद्ध गेली तरी ती याच त्रैमासिकात छापावी. अतींद्रिय शक्तींच्या अभ्यासकांकडून आपण जो पुरावा मागतो, तो स्वतः देण्याची तयारी असेल, तरच आयुर्वेदास शास्त्र म्हणवून घेण्याचा आपला आग्रह शोभेल.