पाळीची साधने : स्वस्ताई, करुणा आणि कष्टकरी स्त्री

पाळीच्या साधनांच्या वेष्टनांवर अलीकडे एक नवा शब्द दिसू लागला आहे : ‘क्रौर्यमुक्त’. उत्पादनाच्या चाचणीसाठी प्राण्यांचा छळ केलेला नाही, असा त्याचा अर्थ. शहरांतील सुशिक्षित तरुणींमध्ये या शब्दाला मान आहे. चळवळीतील काही कार्यकर्त्यांना मात्र तो पोट भरलेल्यांचा शौक वाटतो. उसाच्या फडात ज्या बाईला कपडा बदलायला आडोसा नाही, तिच्यापुढे सशाची चिंता कसली मांडता, असा त्यांचा सवाल असतो. सवाल प्रामाणिक आहे. परंतु बाई आणि ससा यांना एकमेकांसमोर उभे करून त्याचे उत्तर मिळणार नाही. दोघांच्याही वेदनेची किंमत शून्य धरणारा हिशेब एकच आहे, आणि तो तपासण्याचे काम समाजवाद्यांचे आहे.

प्रथम बाईचा विचार करू. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते २४ वयोगटातील सुमारे ६४ टक्के मुलींनी सॅनिटरी पॅड वापरत असल्याचे सांगितले, तर सुमारे ५० टक्के मुलींनी कपडा वापरत असल्याचे. म्हणजे अनेकींना दोन्हींचा आधार घ्यावा लागतो : हाती पैसा असेल तेव्हा पॅड, नसेल तेव्हा जुन्या लुगड्याचे फडके. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या शस्त्रक्रियांची चौकशी नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने केली. तीत ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. खाडा पडला की मुकादम दंड कापतो, उचल फिटत नाही, फडात पाणी नाही, कोपीवर न्हाणी नाही. अशा स्थितीत दुखणाऱ्या पाळीपासून कायमची सुटका देऊ करणारा डॉक्टर तिला देवासारखा वाटला, तर दोष तिच्या अज्ञानाचा नव्हे. पाळीच्या साधनांचा प्रश्न मजुरीपासून, पाण्यापासून आणि आडोशापासून वेगळा काढता येत नाही, हा या अहवालाचा धडा आहे.

शासनाने काही केले नाही असे नाही. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला तेव्हा पॅडवर १२ टक्के कर लावण्यात आला होता. स्त्रियांच्या आंदोलनामुळे जुलै २०१८ मध्ये तो रद्द झाला. मात्र कच्च्या मालावर भरलेल्या कराची वजावट उत्पादकाला मिळत नसल्याने किंमत त्या प्रमाणात उतरली नाही. महाराष्ट्रात मार्च २०१८ मध्ये ‘अस्मिता’ योजना सुरू झाली आणि जिल्हा परिषद शाळांतील मुलींना आठ पॅड पाच रुपयांत देण्याचे ठरले. केंद्राच्या जनऔषधी दुकानांत पॅडची किंमत २०१९ साली अडीच रुपयांवरून एक रुपयावर आणण्यात आली. ही पावले स्वागतार्ह होती. पण जनऔषधी दुकान तालुक्याच्या गावी, आणि बाई वाडीवर किंवा फडात. हे अंतर कोणतीही घोषणा पुसून टाकत नाही.

आता सशाकडे वळू. त्वचेला व डोळ्याला होणारा दाह मोजण्यासाठी सशांवर करावयाची चाचणी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनातील जॉन ड्रेझ यांनी १९४४ साली मांडली. पुढे तिचाच विस्तार होऊन योनिमार्गात राहणाऱ्या साधनांसाठी सशिणींवर आणि ॲलर्जीसाठी गिनीपिगांवर चाचण्या रूढ झाल्या. भारताने २०१४ साली सौंदर्यप्रसाधनांसाठी प्राण्यांवर चाचण्या करण्यास बंदी घातली आणि अशा मालाची आयातही थांबवली. सॅनिटरी पॅड सौंदर्यप्रसाधनांत मोडत नसल्याने ही बंदी त्याला लागू होत नाही. वास्तविक मानवी त्वचेच्या पेशींपासून प्रयोगशाळेत वाढविलेल्या थरावर दाहाची चाचणी आता होऊ शकते, आणि २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मानकाने तिला अग्रक्रम दिला आहे. तेव्हा सशाला वाचविण्यासाठी बाईची सुरक्षितता पणाला लावावी लागते, हा युक्तिवाद टिकत नाही. उलट सुरक्षिततेच्या नावाने नफा कसा स्त्रीदेहावर प्रयोग करतो, ते अमेरिकेने १९८० साली पाहिले. अतिशोषक कृत्रिम द्रव्ये घातलेल्या टॅम्पॉनमुळे विषारी आघाताचे रुग्ण वाढले, काही स्त्रिया दगावल्या, आणि ‘रिलाय’ नावाचा माल बाजारातून मागे घ्यावा लागला.

यावर कोणी म्हणेल की, मग वेष्टनावर ससा छापलेला महाग माल घ्यावा. येथेच सावध राहिले पाहिजे. ‘क्रौर्यमुक्त’ या शब्दाला अमेरिकेतही कायद्याची व्याख्या नाही. जो उत्पादक पुरवठादारांसह सर्व टप्प्यांवर प्राण्यांवरील चाचण्या थांबवून स्वतंत्र संस्थेकडून तपासणी करून घेतो, त्याचाच दावा ग्राह्य मानावा. आणि तेवढ्यानेही क्रौर्याचा हिशेब पुरा होत नाही.

तो पुण्याच्या कचरावेचक स्त्रियांनी पुरा केला. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली १९९३ साली उभ्या राहिलेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीतून पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था जन्मली. उघडे, रक्ताने भिजलेले पॅड हातांनी वेगळे करण्याची पाळी या स्त्रियांवर रोज येत होती. २०१३ साली त्यांनी असे पॅड पिशव्यांत भरून थेट उत्पादक कंपन्यांकडे परत पाठविले. पॅडच्या खालचा थर प्लास्टिकचा, वरचे आवरण प्लास्टिकच्या तंतूंचे आणि आतली शोषक भुकटीही कृत्रिम. ते कुजत नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांनी पॅडसोबत विल्हेवाटीची पिशवी देण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली, ती या कष्टकरी स्त्रियांच्या दबावाशिवाय आली नसती. ससा वाचवून कचरावेचक बाईच्या हाती घाण देणारा माल क्रौर्यमुक्त म्हणवून घेण्यास पात्र नाही.

मग निवड काय करावी? हिशेब साधा आहे. पाच दिवस रोज तीन पॅड धरले तर वर्षाला १८० होतात. सहा रुपयांच्या पॅडला १,०८० रुपये लागतात, एक रुपयाच्या पॅडला १८०. तीन-चारशे रुपयांचा सिलिकॉनचा कप नीट राखला तर अनेक वर्षे टिकतो. ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’ने २०१९ साली ४३ अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध करून कप सुरक्षित व उपयुक्त असल्याचे म्हटले. केरळात अलप्पुळा नगरपालिकेने त्याच वर्षी पाच हजार कप मोफत वाटले, तेही सार्वजनिक क्षेत्रातील एचएलएल संस्थेच्या साहाय्याने. २०२२ साली कुंबळंगी पंचायत सॅनिटरी पॅडमुक्त जाहीर झाली. सुती कापडाचे धुऊन वापरायचे पॅड बचत गटाच्या शिलाई यंत्रावर होतात, आणि सुती कापडासाठी सशावर नवा प्रयोग करण्याची गरजच नसते. स्वस्त, शरीराला निर्धोक, प्राण्याला निरुपद्रवी आणि कचरावेचकाला न छळणारे असे साधन अस्तित्वात आहे.

तरीही कप किंवा कापड कोणावर लादता कामा नये. कप उकळायला भांडे आणि खासगी जागा हवी. कापड धुवायला पाणी आणि वाळवायला ऊन हवे. फडके अंधाऱ्या कोपऱ्यात, दुसऱ्या कपड्याखाली वाळत घालावे लागते ते विटाळाच्या कल्पनेमुळे, आणि रोगाचे मूळही तिथेच असते. ज्या महाराष्ट्रात सोयराबाईंनी देहाच्या विटाळालाच प्रश्न विचारला, आणि र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालवले, तेथे पाळीला ‘कावळा शिवला’ म्हणून झाकून ठेवणे अद्याप चालूच आहे. पुरुष कार्यकर्त्यांनी हा विषय महिला आघाडीकडे ढकलून मोकळे होणे हेही त्याच झाकपाकीचे सभ्य रूप आहे.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. साखर कारखान्यांनी फडाजवळ पाणी, न्हाणी आणि पाळीची पगारी रजा द्यावी व खाड्याचा दंड बंद करावा. सार्वजनिक उद्योगांनी कप व सुती पॅड बनवावेत आणि आशा सेविकांमार्फत, प्रशिक्षणासह, मोफत पोहोचवावेत. पॅडसाठी प्राण्यांवरील चाचण्यांना २०१४ ची बंदी लागू करावी आणि पर्यायी चाचण्यांचा खर्च उत्पादकाने सोसावा. विल्हेवाटीचा भार कंपन्यांकडून वसूल करून कचरावेचकांच्या संस्थांना द्यावा.

शाखांनी आपल्या गावापासून आरंभ करावा : शाळेत, कारखान्यावर, बाजारात पाळीसाठी काय मिळते, किती रुपयांना मिळते आणि कचरा कोणाच्या हातून जातो, याची नोंद पुढील गळीत हंगामापूर्वी तयार असावी. ही नोंद हाती असली की मुकादमापुढे, कारखान्यापुढे आणि मंत्र्यापुढे बोलणे सोपे जाईल.