हुशार मुली गणित का सोडतात?

दहावीच्या निकालात मुलींनी मुलांना मागे टाकल्याची बातमी महाराष्ट्रात दरवर्षी येते. पुढे अकरावीचे प्रवेश सुरू होतात आणि गणितात उत्तम गुण मिळवलेल्या अनेक मुली विज्ञान शाखा घेऊन गणित सोडतात. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ला बसणाऱ्यांत आज निम्म्याहून अधिक मुली असतात; अभियांत्रिकीच्या ‘जेईई मेन’ला साधारण एक तृतीयांश. डॉक्टर व्हावेसे वाटण्यात गैर काहीच नाही. पण ही निवड आवडीतून झाली की धास्तीतून, हे विचारायला हवे. कारण अकरावीत सोडलेल्या गणिताकडे परत वळणे फार अवघड असते.

‘मुलींचा मेंदूच गणिताचा नसतो’ हे उत्तर तयार असते. त्याला एकेकाळी आकडेवारीचा आधारही होता. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी तेरा वर्षांखालील हुशार मुलामुलींना महाविद्यालयीन प्रवेशाची ‘सॅट’ परीक्षा द्यायला लावली. गणितात ७०० किंवा अधिक गुण मिळवणाऱ्यांत एका मुलीमागे १३ मुलगे होते, असे त्यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केले. पुढच्या दशकभरात हेच प्रमाण एका मुलीमागे चार मुलग्यांपर्यंत खाली आले. उरलेल्या फरकाच्या कारणांवर वाद आहेत. पण मेंदूची जडणघडण इतक्या थोड्या काळात बदलत नाही. बदलले ते मुलींना मिळणारे शिक्षण आणि त्यांच्याकडून असलेल्या अपेक्षा.

या अपेक्षा फार लवकर रुजतात. २०१७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास आला. ‘खूप खूप हुशार’ माणसाची गोष्ट सांगून, चित्रांतले ते माणूस कोणते, असे लहान मुलांना विचारले गेले. पाचव्या वर्षी मुलगे मुलग्यांकडे आणि मुली मुलींकडे तितक्याच खात्रीने बोट दाखवत. सहाव्या वर्षापासून मुलींची खात्री डळमळू लागली. शाळेत जास्त गुण मुलींनाच मिळतात, हे त्याच मुली मान्य करत होत्या! म्हणजे गुण मेहनतीचे आणि बुद्धी मुलग्यांची, ही वाटणी पहिलीच्या वर्गातच होते. आपल्या घरातही ‘त्याचं डोकं चालतं’ आणि ‘ती फार अभ्यासू आहे’ ही वाक्ये सहज बोलली जातात.

गणिताची धास्ती हे नाटक नव्हे. गणित सोडवताना आकडे आणि पायऱ्या क्षणभर धरून ठेवणारी कार्यस्मृती लागते. ‘चुकलं तर?’ हा विचार तिचीच जागा अडवतो. पहिली-दुसरीच्या मुलांवरील एका संशोधनात असे दिसले, की ज्यांची कार्यस्मृती अधिक चांगली, त्यांचेच गुण या धास्तीने जास्त घसरतात. म्हणजे हुशार मुलीला त्याची झळ कमी बसेल, असे मानता येत नाही.

मरियम मिर्झाखानी हे याचे ठळक उदाहरण. तेहरानमध्ये माध्यमिक शाळेच्या पहिल्या वर्षी तिच्यात गणिताची विशेष चमक आहे असे तिच्या शिक्षकांना वाटले नाही, आणि तिचे गणितातले मन उडाले. पुढच्या वर्षी हुरूप देणारे शिक्षक भेटले. १९९४ आणि १९९५ मध्ये तिने आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडमध्ये सुवर्णपदके मिळवली आणि २०१४ मध्ये फील्ड्स पदक मिळवणारी ती जगातली पहिली महिला ठरली. ते दुसरे वर्षही पहिल्यासारखेच गेले असते, तर?

आयआयटीमध्ये २०१८ पासून मुलींसाठी अधिसंख्य जागा आहेत. २०१६ मध्ये तिथे मुलींचे प्रमाण साधारण ८ टक्के होते, ते २० टक्क्यांच्या आसपास पोहोचले. पण ज्या मुलीने अकरावीतच गणित सोडले, तिच्यापर्यंत ही जागा पोहोचत नाही. तिच्यासाठी घर आणि शाळा यांनीच काही करायला हवे. ‘मलाही गणित कधी जमलं नाही’ असे आईने मुलीसमोर कौतुकाने सांगू नये. शिक्षकांनी अवघड उदाहरण फळ्यावर सोडवायला मुलींनाही बोलवावे आणि अडखळल्यास थोडे थांबावे. प्रवेशअर्ज भरताना ‘गणित ठेवायचं की नाही?’ एवढ्यावर न थांबता ‘का नको?’ हेही विचारावे. उत्तर ‘आवडत नाही’ असेल, तर प्रश्न मिटला. ‘मला जमणार नाही’ असेल, तर गुणपत्रिका तिच्यासमोर ठेवावी.