ब्रेक आणि हॉर्न

मंडळी, नवी गाडी घेणारा माणूस निदान ब्रेक आणि हॉर्न तरी तपासून घेतो. शिडाची बोट घेणारे आपले मित्र मात्र आधी नवं शीड, मग चार्टप्लॉटर आणि मग ब्लूटूथ स्पीकर अशा क्रमाने खर्च करतात. माझ्या ओळखीत दोन टोळकी आहेत, दोघांनी-तिघांनी पैसे काढून सेकंडहँड बोट घेतलेली. ऑक्टोबर ते मे दर रविवारी गेटवे ते मांडवा. फोटो एकदम झकास! पण "नांगर किती साखळीवर टाकता?" असं विचारलं की "पुरेशी असते रे" हे उत्तर. आणि व्हीएचएफ रेडिओ? "आहे ना, मोबाईल पण आहे."

माझं स्पष्ट मत असं, की ज्याला नांगर टाकता येत नाही आणि रेडिओवर मदत मागता येत नाही, त्याने बंदराबाहेर माणसं घेऊन जाऊ नये. शीड चुकीचं लावलं तर फार तर बोट हळू जाईल. या दोन गोष्टी चुकल्या तर किंमत वेगळीच मोजावी लागते.

आधी नांगर. बहुतेकांना वाटतं की नांगराच्या वजनामुळे बोट थांबते. ते अर्धसत्य आहे. नांगर तळात रुततो म्हणून बोट थांबते, आणि त्याच्यावरची ओढ आडवी असेल तरच तो रुतलेला राहतो. ओढ वरच्या दिशेने आली की तो उपटून निघतो. मराठीत शेतातल्या अवजाराला आणि बोटीच्या या वस्तूला एकच शब्द आहे, ते किती बरोबर आहे बघा! १९३३ मध्ये जी. आय. टेलर यांनी (हो, फ्लुइड मेकॅनिक्सच्या पुस्तकातले तेच) जो प्रसिद्ध नांगर काढला, त्याचा आकारही शेतातल्या नांगराच्या फाळासारखाच आहे.

ओढ आडवी ठेवायची तर साखळी भरपूर सोडावी लागते. पाण्याची खोली अधिक पाण्यापासून बोटीच्या नाळेची उंची, त्याच्या निदान पाचपट. साखळी थोडी आणि बाकी दोर असेल तर सातपट. आता मुंबईचं गणित करू. तुम्ही ओहोटीला ३ मीटर पाण्यात थांबलात, नाळ १ मीटर उंच. ४ गुणिले ५ म्हणजे २० मीटर साखळी. छान, डबे उघडा, जेवायला बसा. पण उधाणाच्या दिवसांत मुंबईच्या पाण्याची पातळी चार मीटरहून जास्त वर-खाली होते. भरतीला खोली ७ मीटर, नाळ धरून ८. तुमची साखळी तेवढीच, २० मीटर. म्हणजे पाचपटीची झाली अडीचपट, आणि तुम्ही काहीच केलेलं नाही! म्हणून हिशोब भरतीच्या खोलीवर करायचा, म्हणजे ४० मीटर. शिवाय तेवढ्या त्रिज्येचं वर्तुळ मोकळं हवं, कारण साधारण सहा तासांनी प्रवाह उलटला की बोट पलीकडे फिरते. उलट भरतीला थांबलात, तर ओहोटीला खाली पाणी उरेल ना, हेही आधीच बघायचं.

टाकायची रीतही सोपी आहे. नाळ वाऱ्याकडे किंवा जोरात असेल तर प्रवाहाकडे, बोट पूर्ण थांबलेली. नांगर भिरकावायचा नाही, खाली सोडायचा. बोट मागे सरकत असताना साखळी देत जायची आणि शेवटी इंजिन रिव्हर्समध्ये टाकून नांगर रुतवायचा. मग किनाऱ्यावरच्या एकामागे एक दिसणाऱ्या दोन वस्तू हेरून ठेवायच्या, समजा एक खांब आणि मागचं झाड. नंतर त्या एका रेषेत राहिल्या नाहीत, तर बोट फिरलीय किंवा सरकतेय. लगेच बघायचं.

आता हॉर्न, म्हणजे रेडिओ. तुम्ही म्हणाल, मोबाईल असताना ही भानगड कशाला? साधं आहे. मोबाईल एका माणसाला लागतो, रेडिओ सगळ्यांना ऐकू जातो. अर्ध्या किलोमीटरवर जाणाऱ्या टगकडे तुमचा नंबर नाही, पण तिचा रेडिओ चॅनल १६ वर कान लावून असणं अपेक्षित आहे. रेंज असेल तर कोस्ट गार्डचा १५५४ आहेच, तो आजच सेव्ह करा. पण रेंज समुद्राच्या मनावर नाही, टॉवरच्या मनावर असते.

व्हीएचएफ साधारण नजरेच्या रेषेत चालतो. अँटेनाची मीटरमधली उंची घ्या, तिचं वर्गमूळ गुणिले ४.१, की किलोमीटर आले. हातातला सेट १ मीटरवर असेल तर ४ किलोमीटर, डोलकाठीवर ९ मीटर उंच अँटेना असेल तर १२. त्यात समोरच्याच्या अँटेनाचं अंतर मिळवायचं. म्हणून नुसत्या वॉकीटॉकीवर भागवू नका, बसवलेला सेट घ्या. परवाना काढा, एमएमएसआय नंबर (भारताचा ४१९ ने सुरू होतो) सेटमध्ये भरा आणि जीपीएस जोडा. तरच ते झाकणाखालचं लाल बटण तुमची ओळख आणि जागा बरोबर पाठवेल.

आणि बोलायचं काय? जिवावर बेतलं असेल तर तीनदा ‘मेडे’, तीनदा बोटीचं नाव, मग जागा, काय झालंय, कुठली मदत हवी, किती माणसं आहेत, आणि ‘ओव्हर’. जीवघेणं नसेल पण तातडीचं असेल तर ‘पॅन पॅन’. सिनेमातलं ‘ओव्हर अँड आउट’ विसरा. ‘ओव्हर’ म्हणजे आता तू बोल, ‘आउट’ म्हणजे माझं संपलं. दोन्ही एकदम कसं चालेल? :) बटण सोडल्याशिवाय ऐकू येत नाही, आणि दाबून ठेवलंत तर आसपासच्या सगळ्यांचा चॅनल अडतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हे फक्त बोटीच्या मालकाला येऊन उपयोग नाही. पाण्यात पडणारा माणूस मालकच असू शकतो! आपण ऑफिसात सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअरवर तासभर मीटिंगा घेतो आणि रविवारी बायको, मित्र, त्यांची मुलं अशा सात जणांना घेऊन अशा बोटीत बसतो, जिच्यावर एकालाच रेडिओ लावता येतो. ही कुठली इंजिनिअरिंग?

थोडक्यात काय, तर पुढच्या फेरीत अर्धा दिवस यासाठी काढा. प्रत्येकाने एकदा नांगर टाकायचा, एकदा उचलायचा. सेट बंद ठेवून प्रत्येकाने एकदा मेडेचा मजकूर मोठ्याने म्हणायचा (चालू सेटवर अजिबात नाही). मजकूर छापून रेडिओशेजारी चिकटवा. स्पीकर पुढच्या महिन्यात घेतलात तरी चालेल.