'आता कोण येणार?' हा प्रश्न दुसरा आहे, पहिला नाही



२६ जानेवारी २०२४. प्रजासत्ताक दिनाची सुट्टी. दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून मी हिशेब बघत बसलो होतो. दुपारी चारच्या सुमाराला मोबाईल वाजायला लागला तो थांबेचना. आमच्या फुटबॉलवेड्या मित्रांचा ग्रुप. बातमी एकच, युर्गन क्लॉप सीझन संपला की लिव्हरपूल सोडणार. आणि बातमीखाली प्रत्येकाचा एकच प्रश्न: "आता कोण?"

मी कोल्हापूरचा. आमच्याकडे पेठेपेठेत तालमींच्या फुटबॉल टीम आहेत. शाहू स्टेडियमवर मोठा सामना असला की त्या दिवशी दुकानात गिऱ्हाईक कमी आणि चर्चा जास्त. त्यामुळे क्लब इंग्लंडचा असला तरी आम्हाला तो घरचाच वाटतो. पण आज मी फुटबॉलची गोष्ट सांगतोय ती फुटबॉलसाठी नाही. तुमच्या दुकानातला, वर्कशॉपमधला, हॉटेलमधला सगळ्यात भरवशाचा माणूस उद्या "मी आता थांबतो" म्हणाला, तर तुम्ही काय कराल, त्यासाठी सांगतोय. माझं मत स्पष्ट आहे. अशा वेळी आपण जो प्रश्न पहिला विचारतो, तो दुसऱ्या नंबरचा प्रश्न असतो.

आधी ज्यांना फुटबॉल कळत नाही त्यांच्यासाठी. तिथला मॅनेजर म्हणजे नुसता देखरेख करणारा माणूस नव्हे. कोण खेळणार, कसं खेळणार, कोणाला बाहेर बसवायचं, हे सगळं तो ठरवतो. इंग्लंडच्या जुन्या पद्धतीत तर कोणता खेळाडू विकत घ्यायचा यातही त्याचाच शब्द मोठा असायचा. क्लॉप ऑक्टोबर २०१५ मध्ये आला. २०१९ मध्ये त्याने टीमला युरोपचं विजेतेपद मिळवून दिलं आणि २०२० मध्ये तब्बल ३० वर्षांनी इंग्लंडची लीग. अशा माणसाने सांगितलं, माझ्यातली ऊर्जा संपत आलीय. फॅन लोकांचं काय झालं असेल, विचार करा.

मग सुरू झाली वाट बघणं. जवळपास पावणेचार महिने. या काळात फॅन काय करतात? नावं घेतात. आम्हीही घेतली. सगळ्यांच्या तोंडात एकच नाव होतं, शाबी अलोन्सो. हा २००४ ते २००९ लिव्हरपूलकडून खेळलेला, म्हणजे घरचा माणूस. त्यात त्या वर्षी तो जर्मनीत लेव्हरकुसेन या क्लबला त्यांच्या इतिहासातल्या पहिल्या लीग विजेतेपदाकडे घेऊन निघालेला. जोडी जमलीच, असं आम्ही धरून चाललो होतो. २९ मार्चला अलोन्सोने जाहीर केलं की तो आहे तिथेच राहणार. ग्रुपवर त्या दिवशी सुतक.

आम्ही नावं घेत होतो तेव्हा मालक काय करत होते? इथे लक्ष द्या.

क्लॉपने मालकांना आपला निर्णय नोव्हेंबरमध्येच सांगितला होता. म्हणजे गिऱ्हाइकाला कळायच्या आधी मालकाला दोन महिने मिळाले. मार्चमध्ये त्यांनी सगळ्यात आधी मायकेल एडवर्ड्सला फुटबॉलच्या कारभाराचा प्रमुख म्हणून परत आणलं. मग रिचर्ड ह्यूजला स्पोर्टिंग डायरेक्टर नेमलं. नवा मॅनेजर त्यानंतर. आधी निवडणारी माणसं, मग निवड.

शेवटी आर्ने स्लॉट आला. नेदरलँड्समधल्या फेयनूर्ड क्लबचा प्रशिक्षक. २०२३ मध्ये त्याने तिथली लीग जिंकली होती. पण खरं सांगतो, आमच्या ग्रुपमधल्या एकानेही त्याच्या टीमचा एक सामना पूर्ण बघितला नव्हता. "हा कोण बाबा?" अशीच पहिली प्रतिक्रिया होती.

आणि एक बारीक गोष्ट झाली, जी फार थोड्यांनी बघितली. क्लॉपचं पद होतं मॅनेजर. स्लॉटचं पद ठेवलं हेड कोच. खुर्चीचं नावच बदललं! याचा अर्थ असा की टीम तयार करणं आणि खेळवणं हे स्लॉटचं काम, आणि खरेदी-विक्रीचा गाडा ओढायला ह्यूज. मालकांनी दुसरा क्लॉप शोधलाच नाही. क्लॉप जे सगळं पेलत होता, त्याची त्यांनी वाटणी केली आणि त्यातल्या एका वाट्यासाठी माणूस आणला.

आता माझी गोष्ट सांगतो. लाज वाटते, पण सांगतो.

आमचं भांड्यांचं दुकान. वडिलांच्या काळापासून काउंटरवर एक काका होते, बावीस वर्षं. २०१८ च्या दिवाळीत त्यांनी मला सांगितलं, "बाळ, गुडघे ऐकंनात. पाडव्यापर्यंत येतो, मग थांबतो." म्हणजे मला जवळपास पाच महिने मिळाले होते. लिव्हरपूलच्या मालकांना मिळाले त्यापेक्षा फार कमी नाहीत. मी त्या महिन्यांत काय केलं? काही नाही. मनात म्हणायचो, काका कुठले जातायत, थोडा पगार वाढवला की राहतील. बीबीएला वारसा-नियोजनावर प्रश्न सोडवला होता, दहापैकी आठ मार्क पण मिळाले होते. स्वतःच्या दुकानात शून्य.

पाडवा झाला, काका थांबले. समोर लग्नसराई. मी घाबरून आठ दिवसांत माणूस उचलला. एका मोठ्या शोरूममधला. बोलणं चटपटीत, इस्त्रीचा शर्ट, पगार काकांच्या दीडपट. नाव मोठं म्हणून काम मोठं होणार, असा माझा हिशेब.

तो माणूस वाईट नव्हता, हे आधी सांगतो. पण त्याचं काम काय, हे मीच त्याला सांगितलं नव्हतं, कारण ते मलाच माहीत नव्हतं. काका काउंटरवर विकायचे, एवढंच मला दिसायचं. जुन्या पितळेची मोड कोणत्या भावाने घ्यायची ते काका ठरवायचे. भांड्यांवर नाव घालणाऱ्या कारागिराला सकाळी फोन करून संध्याकाळपर्यंत माल तयार ठेवायचे. कोणाची उधारी तोंडावर मागायची आणि कोणाची ऊस बिलापर्यंत थांबवायची, हे त्यांच्या डोक्यात होतं. नव्या माणसाने मोड घेणं बंद केलं, कारण शोरूममध्ये ते नसतं. नाव घालायला दोन दिवस लागतील म्हणून सांगायला लागला. लग्नाचा सेट घ्यायला आलेली माणसं दारातच विचारायची, "काका कुठायत?" आणि 'नाहीत' म्हटल्यावर "मग येतो नंतर" म्हणून जायची. ती नंतर येत नाहीत, हे धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे.

त्या सीझनला विक्री इतकी पडली की सप्लायरचे चेक पुढे ढकलायला मला हात जोडावे लागले. जूनमध्ये तो माणूस स्वतःच सोडून गेला. जाताना म्हणाला, "साहेब, तुम्हाला काका पाहिजेत. मी काका नाही." बरोबर बोलला.

फुटबॉलमध्येही अशी घाई झालेली आहे, आणि ती फार मोठ्या घरात झाली. मँचेस्टर युनायटेड. अ‍ॅलेक्स फर्ग्युसन १९८६ पासून मॅनेजर, १३ वेळा प्रीमियर लीग जिंकलेला. ८ मे २०१३ ला त्याची निवृत्ती जाहीर झाली आणि ९ मे ला नवा मॅनेजरही जाहीर: एव्हर्टनचा डेव्हिड मॉइस. फॅनना एक दिवससुद्धा वाट बघावी लागली नाही. करार सहा वर्षांचा. पण त्याच उन्हाळ्यात कारभार बघणारा डेव्हिड गिलही बाजूला झाला, म्हणजे काउंटरवरचा आणि गल्ल्यावरचा, दोन्ही जुने हात एकदम गेले. त्यात मॉइसने आल्या आल्या फर्ग्युसनचे अनुभवी सहाय्यक काढून आपली माणसं आणली. फॅननी स्टेडियममध्ये 'हाच तो निवडलेला' अशा अर्थाचा मोठा बॅनर लावला होता. मार्च २०१४ मध्ये त्याच स्टेडियमवरून एक विमान फिरलं, मागे बॅनर: चुकीचा माणूस, मॉइस बाहेर. एप्रिलमध्ये त्याला काढलं. एक वर्षही भरलं नाही.

मॉइस अडाणी होता का? एव्हर्टनसारखा क्लब त्याने ११ वर्षं चालवला होता. त्याला फर्ग्युसनची अख्खी खुर्ची दिली, आणि त्या खुर्चीत नक्की किती कामं भरली आहेत हे मोजलं नाही. माझ्या शोरूमवाल्याचं हेच झालं.

आता तुम्ही म्हणाल, लिव्हरपूलचं सगळं गोडच झालं का? नाही. वाट बघण्याची किंमत असते. जाणार हे जाहीर झाल्यावर फेब्रुवारीत त्यांनी लीग कप जिंकला, पण एप्रिलमध्ये टीम ढेपाळली. अटालांटा, क्रिस्टल पॅलेस आणि एव्हर्टनकडून हरले, आणि लीगमध्ये तिसरे आले. माणूस जाणार हे कळलं की बाकीच्या स्टाफचं लक्ष उडतं, हे मी स्वतः बघितलंय. तरीही मी म्हणेन, हे नुकसान परवडलं. घाईत चुकीचा माणूस बसवून वर्ष घालवण्यापेक्षा एक महिना कमी विक्री सोसावी.

पुढच्या वर्षी काय झालं ते माहीत असेलच. त्या सीझनला मैदानात उतरायला नवा खेळाडू एकच आला, फेडेरिको किएझा. बाकी टीम क्लॉपची तीच. स्लॉटने मोडतोड केली नाही, हळूहळू आपली पद्धत बसवली. २७ एप्रिल २०२५, रविवार रात्र, टॉटनहॅमवर ५-१, आणि लिव्हरपूलची विसावी लीग. मग नंतरच्या सीझनला मोठी खरेदी झाली आणि शरद ऋतूत टीम हरतच सुटली. तेच फॅन पुन्हा 'आता कोण?' विचारायला लागले. म्हणून सांगतो, नीट निवडलेला माणूस म्हणजे आयुष्यभराची गॅरंटी नव्हे. नीट निवडल्याने एवढंच होतं की चूक झाली तर ती कुठे झाली हे तुम्हाला कळतं.

माझं पुढे काय झालं? मी काकांच्या घरी गेलो. वही घेऊन. दोन संध्याकाळी बसून त्यांची कामं लिहून काढली. अठरा निघाली! त्यातली खरेदी आणि मोडीचा भाव मी घेतला. उधारीची वही बायकोने घेतली. कारागिराचं काम दुकानातल्या पोराकडे दिलं. काउंटरसाठी उरलेल्या कामांना शोरूमचा माणूस लागतच नव्हता. लागत होती माणसांशी धीराने बोलणारी व्यक्ती. त्या ताई आधी एका मेडिकलमध्ये होत्या, भांड्यातलं काही कळत नव्हतं. काका महिनाभर रविवारी दोन तास येऊन त्यांच्या शेजारी बसले. येईल त्या गिऱ्हाइकाला म्हणायचे, "आता यांच्याकडनं घ्या."

मे २०२४ मध्ये आपल्या शेवटच्या सामन्यानंतर क्लॉपने भर स्टेडियममध्ये माईक हातात घेऊन सगळ्यांना स्लॉटच्या नावाचं गाणं म्हणायला लावलं. मी टीव्हीसमोर बसून बघत होतो आणि मला आमचे काकाच दिसत होते. जुना माणूस नव्याचा हात गिऱ्हाइकाच्या हातात देतो, ते काम कोणत्याही जाहिरातीने होत नाही.

तर मित्रांनो, चार गोष्टी लक्षात ठेवा:

१. माणूस "थांबतो" म्हणाला की त्याच दिवशी खरं माना. मनधरणी करा, पण तयारीही त्याच दिवशी सुरू करा.

२. आधी कामांची यादी, मग नाव. यादी त्याच माणसासोबत बसून करा, तुम्हाला दिसतं त्याच्या दुप्पट निघेल.

३. सगळी यादी एकाच्या गळ्यात घालू नका. दुसरे काका मिळत नाहीत, कामं मात्र वाटता येतात.

४. जुन्या-नव्याचे काही दिवस एकत्र जाऊ द्या, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत. त्या दिवसांचा दुहेरी पगार हा खर्च धरू नका.

फॅनने 'आता कोण?' विचारावं, तो त्याचा हक्क आहे. त्याला पुढच्या शनिवारी सामना बघायचाय. तुम्ही फॅन नाही, तुम्ही मालक आहात. तुमचा पहिला प्रश्न असा पाहिजे: "हा माणूस रोज नक्की काय काय करतो?"

या रविवारी दुकान बंद केल्यावर एक काम करा. तुमच्या सगळ्यात भरवशाच्या माणसाला चहा सांगा, वही उघडा आणि त्याची कामं लिहायला घ्या. तो कुठेही जाणार नसला तरी.

काका अजून येतात. महिन्यातून एकदा, गुडघ्याला पट्टा बांधून. आत येत नाहीत, बाहेरच्या खुर्चीवर बसतात आणि ताईंकडे बघून मला हळूच म्हणतात, "बरं चाललंय."

भेटू पुढच्या व्हिडिओत.