मारबत जळते, खर्रा उरतो

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी नागपुरात काळी आणि पिवळी मारबत निघते. शंभराहून अधिक वर्षांची ही प्रथा. महाल-इतवारीच्या अरुंद रस्त्यांवर त्या दिवशी मुंगीला वाट मिळत नाही. महागाईपासून लाचलुचपतीपर्यंत साऱ्या अनिष्टांचे बडगे मिरवले जातात. रोगराई आणि खोकला घेऊन जा, असे मारबतीला विनवून शेवटी तिला अग्नीच्या स्वाधीन केले जाते. मिरवणूक ओसरली की तीच माणसे कोपऱ्यावरच्या पानठेल्यापाशी उभी राहतात आणि सुपारी, तंबाखू व चुना पन्नीत घोटून सिद्ध झालेला खर्रा गालात सारतात.

हे दृश्य पाहून आमच्या सुशिक्षित मध्यमवर्गाला मोठे समाधान वाटते. ‘पाहा, या लोकांना इच्छाशक्तीच नाही!’ प्रस्तुत लेखकाचे भांडण या एका वाक्याशी आहे, कारण ते वाक्य केवळ असत्य नाही, ते सोयीस्कर असत्य आहे.

खर्रा सोडण्याचा संकल्प एकदाही न केलेला खर्रेबाज महालात शोधून सापडायचा नाही. कोणी पाडव्याला सोडतो, कोणी मुलीच्या डोक्यावर हात ठेवून सोडतो, कोणी दंतवैद्याने तोंडात तीन बोटे उभी शिरत नसल्याचे दाखवून दिल्यावर सोडतो. (सुपारीने गालाच्या आतील त्वचा ताठर होत जाते आणि जबडा उघडेनासा होतो, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूविना नुसत्या सुपारीलाही कर्करोगकारक ठरवले आहे.) आमच्याच शाखेतील एक ज्येष्ठ सहकारी आणीबाणीत दीड वर्ष तुरुंगात होते. सुटकेसाठी माफीपत्र लिहून द्या, असे घरच्यांनी विनवले; त्यांनी लिहिले नाही. हा मनुष्य गेली वीस वर्षे दर पाडव्याला खर्रा सोडतो आणि रामनवमीच्या आत पुन्हा धरतो. एका सत्तेपुढे न वाकलेल्या या माणसाला इच्छाशक्ती नाही, असे म्हणण्याचे धाडस कोण करील?

मग हे व्यसन आले कोठून? महालापासून पायी जाण्याच्या अंतरावर, जुम्मा तलावाच्या काठी, १८७७ साली जमशेटजी टाटांनी एम्प्रेस मिल सुरू केली. कापसाला आगीचे भय. म्हणून हिंदुस्थानात आगशामक फवारे प्रथम बसवले गेले ते या गिरणीत. कापूस असेल तेथे विडी पेटवणे हा अर्थातच गुन्हा. पण पाळी संपेपर्यंत भूक मारायची आणि डोळे उघडे ठेवायचे, तर कामगाराने करावे काय? गालातल्या तंबाखूने आग लागत नाही आणि हातही थांबत नाहीत. गिरण्यागिरण्यांतून अशा रीतीने तंबाखू हे कामाचेच एक अवजार बनले. मालकाने कापसाचे रक्षण केले. कामगाराच्या तोंडाचे रक्षण करण्याचे कोणाच्याच हिशेबात नव्हते. २००२ साली गिरणी बंद पडली, तिच्या जागेवर झगमगीत मॉल उभा राहिला. सवय मात्र गिरणीबरोबर बंद पडली नाही. ती आज रात्रपाळीचा पहारेकरी, ऑटोचालक आणि घरपोच माल पोहोचवणारा पोरगा यांच्याकडे वारशाने आली आहे, कारण त्यांचीही पाळी तेवढीच लांब आणि जेवणाची सुट्टी तेवढीच अनिश्चित आहे.

सवय ही माणसाइतकीच त्याच्या परिसरातही वास करते, हे आता अनुमान राहिलेले नाही. व्हिएतनामच्या युद्धात हेरॉइनच्या आहारी गेलेले अमेरिकन सैनिक मायदेशी परतले तेव्हा ली रॉबिन्स या संशोधक बाईंनी त्यांचा पाठपुरावा केला. पहिल्या वर्षात त्यांच्यापैकी शेकडा पाचच पुन्हा व्यसनाधीन झाले. त्यांची मने एकाएकी पोलादी झाली होती काय? युद्ध, भय आणि सहज मिळणारे हेरॉइन मागे राहिले होते. आमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांना मात्र पाडव्यानंतर परतायचे असते ते त्याच गल्लीत, त्याच ठेल्यासमोरून, त्याच मित्रांत. लंडनच्या विद्यापीठात फिलिपा लॅली व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. नवी साधी सवय अंगवळणी पडण्यास सरासरी ६६ दिवस लागतात, काहींना त्याहून कितीतरी अधिक, आणि मध्ये एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही, असे त्यात आढळले. आमच्याकडे मात्र एक दिवस चुकला की ‘झाला तुझा संकल्प!’ म्हणून टाळ्या पिटायला सारा चौक तयार.

आता शासनाकडे वळू. जुलै २०१२ मध्ये महाराष्ट्राने गुटखाबंदी केली. पुढे सुगंधित तंबाखू व सुगंधित सुपारी हीही बंदीखाली आली. रंगीत पुड्या ठेल्यावरून दिसेनाशा झाल्या आणि हाताने घोटलेला खर्रा होता तेथेच राहिला. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातील प्रौढांपैकी २६.६ टक्के लोक तंबाखूचे सेवन करीत होते, बहुतांशी खाऊनच. एका हाताने बंदीचा आदेश काढणाऱ्या या व्यवस्थेचा दुसरा हात पाहा: सार्वजनिक मालकीचे आयुर्विमा महामंडळ देशातील सर्वांत मोठ्या सिगारेट कंपनीचे मोठे भागधारक आहे! आणि शाळाशाळांतून मुलांकडून तंबाखूविरोधी शपथ वदवून घेतली जाते. शपथ मुलांना, लाभांश महामंडळाला.

ठेलेवाल्याला मात्र या भांडणात शत्रू ठरवू नये. तोही बहुधा कोठून तरी छाटला गेलेला कामगारच आहे, आणि छापा पडतो तो त्याच्यावर. घाऊक माल उतरवणाऱ्या गोदामापर्यंत क्वचितच पोहोचतो.

परंतु शासनाला शिव्या घालून आपली सुटका होत नाही. ‘खर्रा हा वैयक्तिक प्रश्न आहे, आधी समाजपरिवर्तन होऊ द्या’ हे वाक्य मी आमच्याच बैठकांत ऐकले आहे, आणि बोलणाऱ्याच्या गालात तेव्हा काय होते तेही पाहिले आहे. वैयक्तिक कसा? जबडा मिटलेला कार्यकर्ता घोषणा देत नाही. घरातला मिळवता गेला तर बायको धुणीभांडी करू लागते आणि मुलाची शाळा सुटते. या नगरीने तर याहून मोठे उदाहरण पाहिले आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर डॉ. आंबेडकरांनी लाखोंच्या समुदायाला बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत दारू न पिण्याचीही एक होती. ती एकट्याने आरशासमोर घेतलेली शपथ नव्हती. ती नव्या जीवनाचा भाग म्हणून सर्वांनी मिळून घेतलेली होती आणि तिच्यामागे वस्ती उभी होती. शेजारच्या गडचिरोलीत २०१६ पासून ‘मुक्तिपथ’च्या कार्यकर्त्यांनी गावागावांत समित्या उभारून दारू आणि खर्रा हा गावाचा प्रश्न केला, एकेकट्या व्यसनी माणसाला फैलावर घेत ते बसले नाहीत.

तेव्हा महाल शाखेपुढे माझा ठराव आहे तो असा. बैठकीच्या खोलीत खर्रा येणार नाही, कोणाचाही, अध्यक्षांचाही. सोडू इच्छिणाऱ्या प्रत्येकाबरोबर दोन सहकारी निदान ६६ दिवस राहतील; संध्याकाळी ठेल्यावर जाण्याच्या वेळी त्याला घेऊन गांधीसागराला फेरी मारतील, आणि तो घसरला तर हसणार नाहीत. निकोटीनची पर्यायी औषधे २०२२ पासून केंद्राच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. ती महापालिकेच्या प्रत्येक दवाखान्यात विनामूल्य आणि अखंड मिळावीत यासाठी मोर्चा काढावा. छापे गोदामांवर घालावेत, आणि ठेलेवाल्यांना दुसऱ्या मालाच्या विक्रीसाठी परवाना व कर्ज द्यावे, ही मागणीही त्याच निवेदनात असावी.

ज्येष्ठ सहकाऱ्यांशी माझे बोलणे झाले आहे. पाडव्याची वाट न पाहता येत्या सोमवारपासून सुरुवात करायची त्यांनी कबूल केले. संध्याकाळच्या फेरीसाठी एक नाव माझे आहे, दुसरे हवे आहे.